फायबर लेझरवर पहिला पीस बरोबर काढायचा तर: ड्रॉइंगपासून पावडर कोटिंगपर्यंत कामाचा क्रम

फायबर लेझर म्हणजे लेझरच्या किरणानं धातूची शीट कापायचं मशीन. त्यावर कट खराब आला की आपल्याकडं ऑपरेटरचा पहिला हात जातो पॉवर आणि स्पीडवर. पॉवर वाढवली, नाय जमलं, स्पीड कमी केली, मग गॅस वाढवला, मग परत पॉवर, आणि तासाभरानं सेटिंग इतकं भरकटतं की मूळ आकडे काय होते तेच कुणाला आठवत नाय. कोल्हापूरच्या शिरोलीत जावा, गोकुळ शिरगावला जावा, उद्यमनगरच्या एखाद्या गाळ्यात जावा, तऱ्हा हीच. मशीन बसवणारा जो पॅरामीटर चार्ट देऊन गेलेला असतो तो बहुतेक वेळा ठीकच असतो. बिघडलेलं असतं ते त्याच्या आधीचं, म्हणजे काच, नोझल, गॅस, पाणी नायतर सरळ ड्रॉइंगच.

मशीन काम कसं करतं हे एवढंच डोक्यात ठेवा. सोर्समध्ये तयार झालेला बीम, म्हणजे लेझरचा किरण, केबलमधून हेडमध्ये येतो, तिथं एक लेन्स त्याला सरळ करते, दुसरी एका बारीक ठिपक्यावर आणते, मग खालच्या काचेतून आणि नोझलमधून तो शीटवर पडतो. बीम धातू फक्त वितळवतो, वितळलेलं खाली ढकलून काढायचं काम गॅसचं. त्यामुळं नव्या फटीत माल का चिकटून राहिला याचं उत्तर अर्ध्या वेळा गॅसच्या बाजूला सापडतं.

१. ड्रॉइंग: मशीनवर जायच्या आधीच निस्तरायचं

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर डीएक्सएफ, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, पाठवतो आणि आपण तसाच मशीनला लावतो, इथनं घोळ सुरू होतो.

पहिलं बघायचं ते माप. फाइल इंचात बनलेली असेल आणि मशीननं एमएम धरलं तर जॉब २५.४ पट लहान येतो, उलटं असेल तर तेवढाच मोठा. एक ठराविक माप, समजा फ्लँजचा बाहेरचा व्यास, गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं आणि स्क्रीनवर मोजायचं.

दुसरं, डबल लाइन. एकावर एक दोन रेषा डोळ्याला दिसत नाहीत पण मशीन त्याच जागेवरनं दोनदा जातं, दुसऱ्या वेळी खाली माल नसतो, पीस हललेला असतो, आणि कड जळते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल मारा, किंवा सायपकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट लाइन काढायचा पर्याय असतो तो वापरा. तिसरं, उघडे कॉन्टूर. रेषांची टोकं जुळलेली नसतील तर सॉफ्टवेअरला आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हेच कळत नाही, मग कर्फची भरपाई चुकीच्या बाजूला जाते. कर्फ म्हणजे कटाची रुंदी, पातळ शीटवर ती साधारण ०.१ ते ०.३ एमएम असते, जाड प्लेटवर जास्त. भरपाई बाहेरच्या रेषेला बाहेर आणि भोकाला आत द्यायची. ही उलटी झाली की बेअरिंगचं भोक मोठं आणि प्लेट लहान, दोन्ही वाया.

गेट, नेमप्लेट आणि जाळीवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण कोल्हापुरात हे काम बक्कळ आहे आणि सगळ्यात जास्त शीट इथंच वाया जाते. डिझाइन फ्लेक्सवाल्याकडनं येतं, त्यानं फोटो ट्रेस केलेला असतो, एका कमानीत शेकडो पॉइंट, आणि हेड त्या कमानीवर थरथरत जातं. आधी कर्व्ह साफ करून घ्या.

मग देवनागरीचा प्रश्न. अक्षरं भरीव कापायची असतील तर शिरोरेघ शब्दाला धरून ठेवते, पण अनुस्वार सुटा असतो. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' कापलं तर तीन टिंबं खाली ट्रेमध्ये जातात आणि दारावर 'नावान चागभल' लागतं. टिंबाला शिरोरेघेशी जोडणारा पूल द्यावाच लागतो. आणि अक्षरं आरपार, म्हणजे स्टेन्सिलसारखी हवी असतील तर उलटा खेळ आहे: ब, व, म यांच्या पोटातला माल गळून पडतो, वर शिरोरेघेची लांबच लांब फट पडून शीट तिथं लूज होते आणि उष्णतेनं वाकते. पोटांना पूल द्या, शिरोरेघ मधूनमधून तोडा. पुलाची रुंदी शीटच्या जाडीपेक्षा कमी नको आणि पातळ शीटवर पण २ एमएमच्या खाली जाऊ नका.

तपासा: जाड एमएसमध्ये (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) ऑक्सिजननं कापताना भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीपेक्षा लहान असेल तर ते भोक लेझरनं काढायचं की नुसती खूण करून ड्रिलला द्यायचं, हे गिऱ्हाइकाशी आत्ताच बोलून घ्या.

२. माल: गेजवर विश्वास ठेवू नका

व्हर्निअर लावा. दुकानदार 'सोळा गेज' म्हणतो, हातात १.६ च्या जवळचं काहीतरी येतं, कधी १.५ पण निघतं. चार्ट जाडीवर चालतो.

एमएस असेल तर पृष्ठभाग बघा. एकसारखी घट्ट निळसर पापडी असेल तर चालतं, पण सुटलेली पापडी, गंजाचे चट्टे, मार्कर किंवा पेंटनं लिहिलेले नंबर यांच्यावरनं बीम जाताना कट अडखळतो. पावसात उघड्यावर पडलेली प्लेट आणली असेल तर ग्राइंडरला ब्रश लावून निदान कापायच्या रेषेवरचा गंज काढा. एसएसवर (स्टेनलेस स्टील) प्लॅस्टिकची फिल्म असेल तर फिल्मची बाजू वर, आणि ती लेझरसाठीची फिल्म आहे का ते विचारा. साधी फिल्म असली तर गॅस तिच्याखाली शिरून फुगा येतो. मग एक तर आधी कमी पॉवरवर फिल्म जाळायचा पास मारा नायतर फिल्म सरळ काढून टाका.

वजनाचा अंदाज आधी घ्या. ३००० बाय १५०० ची १० एमएम एमएस प्लेट साधारण ३५३ किलो भरते. ती चार पोरांनी ढकलत बेडवर आपटली की शीट ज्यांच्यावर टेकते त्या पट्ट्या वाकतात, आणि पट्ट्या वाकल्या की शीट सपाट बसत नाही.

इशारा: ॲक्रिलिक, पीव्हीसी, लाकूड फायबर लेझरवर घेऊ नका. फायबरची तरंगलांबी १ मायक्रॉनच्या आसपास असते, पारदर्शक ॲक्रिलिकमधनं ती आरपार जाते आणि खाली काय असेल ते जाळते. ॲक्रिलिकचं काम सीओटू लेझरचं, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. पीव्हीसी तर कुठल्याच लेझरवर नको, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, माणसाच्या फुप्फुसाला पण वाईट आणि मशीनच्या गाइडला पण.

३. गॅस: कुठला, किती, किती स्वच्छ

एमएस जाड असेल तर ऑक्सिजन. इथं लोखंड नुसतं वितळत नाही, ऑक्सिजनमध्ये जळतं, त्या जळण्याची उष्णता पण कापायला मदत करते, म्हणून प्रेशर कमी लागतं, जाड प्लेटला बऱ्याचदा १ बारच्या आतच. 'प्रेशर वाढवलं की जोरात कापेल' हे डोक्यातनं काढून टाका, जाड एमएसवर प्रेशर वाढवलं की जळणं हाताबाहेर जातं आणि कडेला खड्डे पडतात.

एसएस आणि ॲल्युमिनियमला नायट्रोजन, तिथं जळणं नकोच असतं, नुसतं फुंकून काढायचं असतं, म्हणून १० ते २० बार. आता खर्चाचा हिशोब करा: २ एमएमच्या नोझलमधनं १५ बारनं सतत नायट्रोजन सोडला तर ७ घनमीटरचं सिलिंडर दहा-बारा मिनिटांत संपतं. बरेच जण एक सिलिंडर लावून एसएसचा मोठा जॉब सुरू करतात, निम्म्यात प्रेशर पडतं, आणि उरलेल्या पिसांना खालून बर (कडेला चिकटून राहिलेला माल) येतो. ऑपरेटरला वाटतं सेटिंग बिघडलं. बरेच सिलिंडर एका लाइनला जोडून मॅनिफोल्ड तरी करा नायतर लिक्विडचं ड्यूरा सिलिंडर घ्या.

कॉम्प्रेस्ड एअरनं पातळ शीट स्वस्तात कापता येते, पण आपल्या वर्कशॉपमधला ७-८ बारचा जुना कॉम्प्रेसर त्या कामाचा नाही. प्रेशर पुरत नाही आणि हवेत तेल-पाणी असतं, ते थेट हेडमधल्या काचेवर बसतं. ड्रायर आणि फिल्टर नसेल तर एअर कटिंगच्या नादाला लागू नका, वाचलेला गॅसचा पैसा काचांमध्ये जातो.

इशारा: ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, नळीला, जॉइंटला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, तेलकट हातानं वॉल्व्ह उघडू नका, आग लागते. आणि नायट्रोजनचा गळका जॉइंट बंद गाळ्यात असेल तर वास येत नाही, नुसती शुद्ध जाते. शटर उघडं ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा.

तपासा: प्रेशर बघायचं ते गॅस वाहत असताना. बंद वॉल्व्हवर दिसणारा आकडा कामाचा नाही.

४. चिलर आणि पावसाळा

हा भाग कुणी नीट वाचत नाही, आणि जून-जुलैत फोन येतात की सोर्सला एरर आली.

चिलर म्हणजे मशीनला थंड पाणी पुरवणारं यंत्र. त्याला दोन लाइन असतात, एक सोर्सला आणि एक हेडला. हेडच्या पाण्याचं तापमान मुद्दाम थोडं जास्त ठेवलेलं असतं कारण काचेवर दव बसू नये. उन्हाळ्यात कुणीतरी 'मशीन गरम होतंय' म्हणून सेटिंग २० वर आणून ठेवतो आणि ते तसंच पावसाळ्यात जातं. आता आपल्याकडं पावसाची झड लागली की गाळ्यातली हवा २८ अंश आणि दमटपणा ८५ टक्के सहज असतो. अशा हवेत २५ अंशाच्या खाली गेलेल्या कुठल्याही भागावर पाणी सुटतं. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर २६ च्या खाली. माठ पाझरल्यासारखं बाहेरनं दिसलं असतं तर कळलं तरी असतं, इथं ते सोर्सच्या आत, सर्किटवर आणि फायबरच्या टोकावर सुटतं, दिसत नाही आणि दुरुस्तीचं बिल मात्र दिसतं.

करायचं काय, तर दमटपणा मोजायचं साधं मीटर मशीनजवळ टांगा. सोर्स एसी केबिनमध्ये ठेवा. सकाळी आधी केबिनचा एसी लावायचा, अर्धा तास हवा कोरडी होऊ द्यायची, मग चिलर, पाणी ठरल्या तापमानाला आलं की मग सोर्स. पाण्याचं सेटिंग दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला पाणी सुटतं त्याच्या, वर, पण मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या आत. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर केबिन कोरडी केल्याशिवाय सोर्स चालू करू नका, पाणी मर्यादेपेक्षा गरम करून भागवू नका.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयच, म्हणजे क्षार काढलेलं. बोअरचं पाणी घातलं तर क्षार बसतात, पंचगंगेचं नळाचं घातलं तरी तेच.

५. नोझल, काच, सेंटरिंग

एका बैठकीत करायची ही तीन कामं, आणि याच क्रमानं.

नोझल काढून उजेडात बघा. तोंड गोल आहे का, कडेला ठिणगी चिकटली आहे का, कुठं आपटून चेपलंय का. ऑक्सिजनला साधारणपणे डबल लेअर, नायट्रोजनला सिंगल लेअर, आणि माप चार्टमध्ये दिलेलंच. चेपलेलं नोझल घासून गोल करायचा प्रयत्न सोडा, नवं लावा, एका वाया गेलेल्या एसएस शीटपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

खालची काच. आधी पंखे बंद करा, हेडभोवतीची धूळ पुसून घ्या, हातात मोजे घाला. ड्रॉवर बाहेर काढला की उघड्या तोंडावर लगेच स्वच्छ टेप लावा, कारण तिथनं आत गेलेला एक कण वरच्या लेन्सवर बसला तर काम मोठं होतं. काच तिरप्या टॉर्चखाली धरून बघा. ठिपका दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंटफ्री कांडीनं हलक्या हातानं पुसा, जळलेला डाग असेल तर पुसत बसू नका, बदला. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचे बारीक थेंब बसतात. एअर गन तर मारायचीच नाही. शर्टाच्या टोकानं काच पुसणारे पण बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

काच खराब असेल तर नुसती पॉवर कमी पोचते असं नाही, ती तापते आणि फोकस सरकतो. म्हणून सकाळी पहिले दोन-तीन पीस चांगले आणि मग बर सुरू, असं झालं तर संशय पहिला काचेवर.

आता सेंटरिंग. नोझलच्या तोंडाला चकचकीत टेप ताणून चिकटवा, कमी पॉवरचा एक छोटा पल्स मारा, टेप काढून बघा. टेपवर नोझलचा गोल वळ उमटलेला असतो, जळालेलं भोक त्याच्या बरोबर मधोमध पाहिजे. नसेल तर हेडवरचे एक्स आणि वाय स्क्रू थोडे थोडे फिरवून परत टेप. फोकस वरखाली करून पण एक-दोन टेप काढा, भोक जागा सोडत असेल तर बीम तिरका उतरतोय, तिथं सर्व्हिसवाल्याला बोलवा.

तपासा: नोझल बदललं की उंची सेन्सरचं कॅलिब्रेशन परत करायचं, दर वेळी. हेड शीटपासून किती वर आहे ते मशीन नोझल आणि शीटमधल्या कपॅसिटन्सवरनं ओळखतं, नोझल बदललं की तो हिशोब बदलतो. सिरॅमिक रिंगला तडा असेल किंवा ती ढिली असेल तर हेड कापताना वरखाली नाचतं.

इशारा: हा बीम डोळ्याला दिसत नाही आणि तो क्लास ४ चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला आहे, परावर्तित होऊन आला तरी डोळ्याचा पडदा जाळतो. वेल्डिंगचा काळा चष्मा इथं उपयोगाचा नाही, १०७० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीसाठी बनलेलाच चष्मा लागतो. कव्हर नसलेलं उघडं मशीन असेल तर शेडमधल्या प्रत्येकाला तो चष्मा, चहा घेऊन आलेल्या पोराला पण.

६. फोकस

एसएसला नायट्रोजननं कापताना फोकस, म्हणजे बीमचा सगळ्यात बारीक ठिपका, साधारण शीटच्या आत, म्हणजे निगेटिव्ह. जाड एमएसला ऑक्सिजननं कापताना शीटच्या वर, म्हणजे पॉझिटिव्ह. पण काही मशीनवर चिन्ह उलटं असतं, दुसऱ्याच्या मशीनचा चार्ट आपल्या मशीनवर टाकला की हमखास घोळ होतो तो इथंच. शून्य आधी शोधा: फोकस थोडा थोडा बदलत भंगार शीटवर कमी पॉवरनं समांतर रेषा मारा, सगळ्यात बारीक रेष जिथं येते ते शून्य. स्क्रीनवरच्या शून्याशी ते जुळत नसेल तर तेवढा फरक धरून चाला.

७. नेस्टिंग (शीटवर पीस मांडणं) आणि कापायचा क्रम

आतलं आधी, बाहेरचं शेवटी. बाहेरची रेष आधी कापली की पीस सुटतो, खाली झुकतो, मग आतली भोकं जागेवर येत नाहीत. लीड-इन, म्हणजे कट सुरू करायची छोटी रेष, नेहमी भंगाराच्या बाजूला, जाड प्लेटला जरा लांब, कारण पिअर्सिंगच्या (पहिलं भोक पाडायच्या) जागी खड्डा पडतो आणि तो जॉबच्या कडेला यायला नको.

लहान पीस पट्ट्यांवर उभा राहतो आणि हेड येऊन त्याला धडकतं, बहुतेक नोझल याच्यातच जातात. लहान पिसांना मायक्रो जॉइंट (पिसाला शीटशी धरून ठेवणारा न कापलेला बारीक तुकडा) द्या आणि हेडला कापलेल्या पिसांवरनं शक्यतो नेऊ नका. जाड प्लेटवर एका कोपऱ्यात सलग कापत बसू नका, उष्णता साठते, जागा बदलत कापा. वाकवायचा जॉब असेल तर शीटच्या रोलिंगची दिशा बघून पीस फिरवा, दोन एमएम माल वाचवायला चुकीच्या दिशेत टाकलेला ब्रॅकेट प्रेस ब्रेकवर, म्हणजे वाकवायच्या मशीनवर, तडकतो.

८. पहिला पीस

अख्खी शीट सोडू नका. कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापा, ज्यात एक गोल भोक आहे आणि चारही बाजू आहेत. कापताना खिडकीतनं ठिणग्या बघा: सरळ खाली जाऊन पसरत असतील तर स्पीड ठीक, मागं कलत असतील तर स्पीड जास्त, आणि पसरायच्या ऐवजी गोळा होऊन पडत असतील तर कमी. चौकोन थंड झाल्यावर व्हर्निअर लावा, भोक आणि बाजू दोन्ही मोजा, चारही कडा अंगठ्यानं नको, नखानं तपासा.

९. कट बिघडला तर हात कुठं घालायचा

बर एकाच बाजूला असेल तर सेटिंगला हात लावू नका. नोझल चेपलंय किंवा सेंटर सरकलंय, पाचव्या टप्प्यावर परत जा. चारही बाजूंना सारखा बर असेल तर क्रम असा: काच, मग वाहता गॅस, मग फोकस अर्ध्या-अर्ध्या एमएमनं, मग स्पीड, आणि सगळ्यात शेवटी पॉवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलायच्या आधी जुना आकडा लिहायचा.

एसएसची कड पिवळट किंवा निळसर आली तर नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळतोय, गॅसची शुद्धता किंवा लाइनमध्ये अडकलेला आधीचा ऑक्सिजन. गॅस बदलल्यावर लाइन थोडा वेळ वाहू द्यायची हे विसरतं. कोपरे जळत असतील तर कोपऱ्यावर हेड हळू होतं आणि पॉवर तशीच राहते, स्पीडप्रमाणं पॉवर कमी करणारी पॉवर कर्व्ह चालू आहे का बघा. कट मधूनमधून सुटत असेल, तेही त्याच ठराविक जागी, तर खाली वाका आणि पट्ट्या बघा, स्लॅग (वितळून थिजलेला माल) साठून वर आलेला असतो. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सुटत असेल तर माल किंवा व्होल्टेज. स्टॅबिलायझरचा आकडा बघा, शेजारच्या फाउंड्रीची फर्नेस चालू झाली की काय होतं ते एकदा बघून ठेवा. मशीनचं अर्थिंग वेगळं आहे का तेही.

१०. पीस निघाल्यावर

आटे पाडायचे असतील तर लेझरनं कापलेल्या भोकाची कड कडक झालेली असते, टॅप तुटतो. एम८ साठी ६.८ आणि एम१० साठी ८.५ चं भोक लागतं, ते लेझरनं थोडं लहान काढून ड्रिलनं मापाला आणा, नायतर लेझरनं नुसती खूण मारा. ऑक्सिजननं कापलेल्या एमएसच्या कडेवर ऑक्साइडचा थर असतो, त्याच्यावर पावडर कोटिंग केलं की काही दिवसांनी कडेनं पापुद्रा निघतो आणि गिऱ्हाईक कोटिंगवाल्याशी भांडतो. कड घासून द्या, किंवा कोटिंगचा जॉब आहे हे आधी माहीत असेल तर जाडी झेपत असेल तिथं नायट्रोजननं कापा आणि दर तसा लावा.

ॲल्युमिनियम कापून झालं की लगेच त्याच डस्ट कलेक्टरवर एमएस घेऊ नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि एमएसची ठिणगी एकत्र आली तर आत आग लागते, आधी कलेक्टर रिकामा करा.

बंद करताना आधी सोर्स, मग गॅसचे वॉल्व्ह, लाइनमधला गॅस सोडून द्या, मग चिलर, केबिनचा एसी सगळ्यात शेवटी. आणि जमलेल्या जॉबचे आकडे मशीनच्या मेमरीवर न सोडता वहीत: जाडी, मिल (शीट बनवणारा कारखाना), गॅसचा सप्लायर, नोझल, फोकस, स्पीड, त्या दिवशीचं पाण्याचं तापमान. मिल बदलली की तेच आकडे त्याच जाडीला चालतीलच असं नाही, तेव्हा नव्या गाडीतल्या पहिल्या शीटवर आठवा टप्पा परत.